बोट रॅम्पवरील अपघात

बोट रॅम्प म्हणजे काठावरून थेट पाण्यात उतरत जाणारा, बहुधा काँक्रीटचा, पक्का उतार होय. ट्रेलरवर ठेवलेली लहान बोट मोटारीच्या साहाय्याने पाण्यात सोडण्यासाठी व परत बाहेर काढण्यासाठी त्याचा उपयोग होतो. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इत्यादी देशांत असे रॅम्प मोठ्या प्रमाणावर आढळतात. तेथे होणारे बहुतेक अपघात टाळता येण्याजोगे असतात.

रचना

रॅम्पचा उतार साधारणपणे १२ ते १५ टक्के, म्हणजे सुमारे ७ ते ८.५ अंश ठेवला जातो. उतार कमी असल्यास बोट तरंगण्यासाठी ट्रेलर फार आत न्यावा लागतो व मोटारीची मागील चाकेही पाण्यात जातात. उतार जास्त असल्यास भरलेला ट्रेलर वर ओढणे कठीण होते. पाण्यालगतच्या पृष्ठभागावर शेवाळ वाढते. समुद्रकिनारी ओहोटीच्या वेळी हा निसरडा पट्टा उघडा पडतो.

मोटार पाण्यात जाणे

हा सर्वांत गंभीर अपघात होय. बहुतेक मोटारींचा हातब्रेक केवळ मागील चाकांवर चालतो आणि रॅम्पवर नेमकी हीच चाके ओल्या भागात असतात. त्यामुळे ब्रेक लावलेला असूनही चाके न फिरता मोटार घसरू शकते. गिअर ‘पार्क’ स्थितीत न टाकता चालक खाली उतरल्यासही मोटार मागे जाते. मोटार बुडू लागल्यावर बाहेरील पाण्याच्या दाबामुळे दार उघडणे अवघड होते. म्हणून अशा वेळी मोटारीत मुले वा अन्य प्रवासी बसलेले असणे धोक्याचे ठरते.

बोट व ट्रेलरसंबंधी चुका

बोटीच्या तळाजवळील पाणी काढण्याच्या छिद्राला बूच न लावल्यास बोटीत पाणी भरते. पाण्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच विंचचा पट्टा सोडल्यास बोट घसरून काँक्रीटवर आदळते. भार असताना विंचची अटक सोडल्यास तिचा दांडा वेगाने उलट फिरतो व हाताला इजा होते. लांबच्या प्रवासात तापलेली ट्रेलरची चाके लगेच थंड पाण्यात बुडवल्यास बेअरिंगमधील हवा आकुंचन पावून पाणी आत ओढले जाते. असे बेअरिंग गंजून पुढे रस्त्यावर निकामी होऊ शकते.

इंजिनाच्या जोरावर बोट ट्रेलरवर चढवल्यास पंख्याच्या प्रवाहाने रॅम्पच्या टोकाजवळील माती वाहून जाते. तेथे पडलेल्या खड्ड्यात इतरांच्या ट्रेलरची चाके अडकतात.

प्रतिबंध

बूच, दोर व पट्टे यांची तपासणी रॅम्पवर येण्याआधी सपाट जागेवर केली जाते. प्रवाशांना आधीच खाली उतरवणे, चालकाने खिडक्या उघड्या ठेवणे, हातब्रेकसोबत चाकांना लाकडी ठोकळे लावणे आणि उतारावर ट्रेलरच्या मागे कोणीही उभे न राहणे, हे प्रमुख उपाय होत.