चर्चच्या शाळेत घडलेले वादक

हिंदी चित्रपटसंगीताचा सुवर्णकाळ म्हटला की आपल्याला संगीतकार आणि गायक आठवतात. त्या गाण्यांमागच्या वाद्यवृंदात मात्र गोव्याचे कितीतरी वादक होते, आणि त्यांच्या शिक्षणाचा पाया घातला होता गावच्या चर्चला जोडलेल्या शाळेने, म्हणजेच पॅरिश स्कूलने.

१५४५ मध्ये मिगेल व्हाझ या धर्माधिकाऱ्याच्या पुढाकाराने गोव्यात या शाळा सुरू झाल्या. हेतू उघड होता: ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण द्यायचे आणि लॅटिन उपासना गाणारे गळे तयार करायचे. जोडीला लेखन, वाचन, हिशेब असे. संगीत शिकवणारा तो मेस्त्रे. चर्चचे गायकवृंदही तोच सांभाळी. चर्चच्या खर्चाला गावकरीच्या, म्हणजे ग्रामसंस्थेच्या, उत्पन्नाचा आधार असे.

शिकवण्याची रीत कडक होती. मुलाच्या हाती लगेच व्हायोलिन येत नसे. आधी सोल्फा: पाच रेघांवरची टिंबे पाहायची, हाताने ताल मोजायचा आणि ‘दो, रे, मी, फा’ अचूक सुरात म्हणायचे. कागदावरचा सूर डोळ्यांनी वाचून गळ्यातून काढता आला, की मग वाद्य. सणाला, फेस्ताला, घरोघरच्या लदिनीला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, हीच मुले गात-वाजवत.

भाषेच्या बाबतीत मात्र या इतिहासाची काळी बाजू विसरता येत नाही. फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापले गेले. लोकांच्या भाषेचा असा आदर करणारेही चर्चमध्येच होते. पण १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे. ती शिकवण्याचे काम पाद्री आणि शाळामास्तरांवर आले. ज्या शाळेने मुलांना सूर दिले, तिलाच त्यांच्या तोंडची भाषा काढून घ्यायला जुंपले गेले.

तरीही सोल्फा मुलांजवळ राहिला आणि पोटापाण्यासाठी मुंबई गाठणाऱ्यांना तोच उपयोगी पडला. संगीतकार चाल गुणगुणे. गोव्याचा अरेंजर ती पाच रेघांवर उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग लिहून देई आणि वादक कागद पाहून वाजवत. सी. रामचंद्रांना चिक चॉकलेट, शंकर-जयकिशनना सेबॅस्टियन डिसोझा यांची अशीच साथ लाभली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर मेस्त्रेचेच पुत्र. हिंदुस्तानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा त्यांनी ध्यास घेतला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यातून गुरूचे नाव घराघरात नेले, आणि अशोक राणे यांनी गोन्साल्विस यांच्यावर माहितीपट केला.

इकडे गोव्यात १९५२ मध्ये आंतोनियो द फिगेरेदो यांनी पणजीत संगीत अकादमी उभारली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर चर्चमध्ये लॅटिनऐवजी कोकणी उपासना आली. ज्या भाषेवर बंदी आली होती, ती आता वेदीपाशी गायली जाऊ लागली.

या शाळांनी गावातल्या साध्या घरातल्या मुलालाही लिहिलेले संगीत वाचायला शिकवले. आपल्या किती शाळांत आज संगीताचा तास खऱ्या अर्थाने होतो? वेळापत्रकातला तो तास गणिताला देऊन टाकण्याआधी प्रत्येक मुख्याध्यापकाने माजोर्ड्याच्या त्या अँथनीची आठवण ठेवावी.