घरातील वाचनारंभ आणि अक्षरातला ‘अ’

पाच-सहा वर्षांचे मूल ‘घ’ आणि ‘र’ ही अक्षरे ओळखते, पण ‘घर’ वाचताना ‘घऽ-रऽ’ असे म्हणून थांबते आणि घरचे त्याला मठ्ठ ठरवतात. वस्तुतः त्याचे वाचन लिपीला धरूनच आहे. देवनागरीत सुट्या व्यंजनचिन्हात ‘अ’ गृहीत असतो. मराठी उच्चारात मात्र शब्दान्ती तो बहुधा लोप पावतो. ‘करवत’मध्ये तर अक्षरे चार, पण उच्चारात ‘कर्-वत्’ असे दोनच खंड! हा लोप मुळाक्षरे घोकून उमगत नाही. तो मुलाच्या कानात आधीपासून असतो. म्हणून प्रथम शब्द बोलवून घ्या, नंतर त्याच्या अक्षरांखालून बोट फिरवीत तो सलग वाचा. मूल अडखळल्यास ‘आपण असे बोलतो का?’ एवढेच विचारा. ‘काका’, ‘मामा’, ‘टोपी’ अशा शब्दांत ही अडचणच उद्भवत नाही, तेव्हा आरंभ त्यांनी करावा. अंकलिपीतील ‘कमळ’ आणि ‘बदक’ (चित्रे कितीही मोहक असोत) थोडे थांबू शकतात. ‘जग’ हा शब्द तर बराच नंतर घ्यावा. ‘जग मोठे आहे’ आणि ‘सुखाने जग’ यांतील ‘ज’चे उच्चार भिन्न असून तो भेद केवळ वाक्यावरून कळतो.