अनुभव आला, पुढे काय?

१९६५ साली एलएसडीच्या नादाला लागलेला एक अमेरिकन तरुण मजल दरमजल करत अहमदनगरला मेहेरबाबांच्या भेटीला आला. पुण्यात जन्मलेले हे आध्यात्मिक गुरू १९२५पासून मौनात होते. हातांच्या खुणांनी बोलत. हे सोड, परत जा आणि तुझ्यासारख्या इतरांनाही सोडायला सांग, असं त्यांनी त्याला बजावलं. पुढच्याच वर्षी त्यांचे या विषयावरचे विचार ‘गॉड इन अ पिल?’ या पुस्तिकेतून अमेरिकेत प्रसिद्ध झाले. गोळीतून येणारे अनुभव भ्रामक आहेत आणि ते शरीर, मन, अध्यात्म अशा तिन्ही अंगांनी घातक आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. मात्र त्याच पुस्तिकेत त्यांनी एक मुभाही ठेवली होती. दारूचं जुनाट व्यसन किंवा तीव्र नैराश्य अशा आजारांत उपचार म्हणून एलएसडीचा उपयोग होऊ शकतो, हे त्यांना मान्य होतं. म्हणजे औषध म्हणून चालेल, मुक्तीचा मार्ग म्हणून नाही. आज एलएसडी आणि तशीच इतर द्रव्यं पुन्हा प्रयोगशाळेत आली असताना ती सीमारेषा तपासून पाहायला हवी. माझ्या मते ती टिकते, पण बाबांनी दिलेल्या कारणासाठी नव्हे.

तो तरुण काही एकटा नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८मध्ये एलएसडी तयार केलं आणि १९४३मध्ये त्याचा परिणाम स्वतःच अनुभवला. कॅलिफोर्नियातल्या वेदान्त सोसायटीत उठबस असलेले लेखक ऑल्डस हक्सली यांनी १९५३मध्ये मेस्कलिन हे तशाच परिणामाचं द्रव्य घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक लिहिलं. तिथल्या स्वामी प्रभवानंदांना ही वाट मुळीच पसंत नव्हती. हार्वर्डमधल्या टिमथी लिअरी, राल्फ मेट्झनर आणि रिचर्ड अल्पर्ट यांनी १९६४मध्ये तिबेटी ‘मृतांच्या ग्रंथा’वर बेतलेली एक मार्गदर्शिका काढली. मृत्यू आणि पुनर्जन्म यांच्यामधल्या अवस्थांचं, म्हणजे ‘बार्दो’चं, वर्णन त्यांनी गोळी घेतल्यानंतरच्या काही तासांना लावलं. यांपैकी अल्पर्ट १९६७मध्ये भारतात आले, कुमाऊँत नीम करोली बाबांचे शिष्य झाले आणि रामदास म्हणून जगाला ठाऊक झाले. गोळीचा अनुभव आणि पूर्वेची समाधी एकच, हे समीकरण त्या दशकात असं पक्कं होत गेलं.

या समीकरणाचा सर्वांत गाजलेला पुरावा मात्र ख्रिस्ती आहे. २० एप्रिल १९६२ रोजी, गुड फ्रायडेला, बोस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपलच्या तळघरात धर्मशास्त्राचे वीस विद्यार्थी बसले होते. वर मुख्य प्रार्थनागृहात चाललेलं प्रवचन ध्वनिक्षेपकावरून खाली ऐकू येत होतं. वॉल्टर पांके या संशोधकाने दहा जणांना काही जातींच्या अळंब्यांत सापडणारं सायलोसायबिन दिलं आणि उरलेल्या दहा जणांना निकोटिनिक आम्ल, ज्याने नुसता चेहरा तापतो. कोणाला काय मिळालंय ते थोड्याच वेळात सगळ्यांना कळून चुकलं. सायलोसायबिन घेतलेल्या बहुतेकांना गूढ, धार्मिक अनुभव आला. रिक डॉब्लिन यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांना शोधून काढलं, तेव्हाही ते तो दिवस आयुष्यातल्या मोठ्या आध्यात्मिक प्रसंगांमध्ये धरत होते. पण याच पाठपुराव्यातून, १९९१मध्ये, आणखी एक गोष्ट उजेडात आली. त्या दिवशी एक विद्यार्थी सैरभैर होऊन चॅपलबाहेर पडला होता आणि त्याला शांत करायला थोराझिन हे मनोविकारावरचं औषध द्यावं लागलं होतं. पांके यांच्या प्रबंधात याचा उल्लेखच नव्हता.

या प्रयोगातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही महत्त्वाच्या आहेत. पहिली ही, की अनुभव खरा असतो. त्याला निव्वळ भ्रम म्हणून उडवून लावणं पुराव्याला धरून नाही. २००६मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांनी ३६ जणांवर अधिक काटेकोर प्रयोग केला. त्यातल्या दोन तृतीयांश लोकांनी दोन महिन्यांनंतरही तो अनुभव आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाच अनुभवांत गणला. याच प्रयोगात सुमारे एक तृतीयांश लोकांना तीव्र भीतीनेही गाठलं, हेही विसरू नये. दुसरी गोष्ट अशी, की द्रव्य स्वतःबरोबर कोणतंही तत्त्वज्ञान आणत नाही. गुड फ्रायडेला चॅपलमध्ये बसलेल्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ख्रिस्त जवळचा वाटला; तिबेटी ग्रंथ उशाशी घेऊन बसलेल्यांना बार्दो दिसला. मनात आधीच जे होतं, ते शतपटीने मोठं होऊन समोर आलं. म्हणून अशा अनुभवावरून अद्वैत किंवा शून्यता ‘सिद्ध’ झाली असं म्हणता येत नाही.

पण आमच्या परंपरेतच सोम होता, त्याचं काय, असा आक्षेप इथे हमखास येतो. ऋग्वेदाचं नववं मंडल, ११४ सूक्तं, सोमालाच वाहिलेलं आहे. दगडांनी ठेचून, लोकरीतून गाळून, दुधात मिसळून तो घेत. गॉर्डन वॉसन यांनी १९६८मध्ये सोम म्हणजे लाल टोपीची विषारी अळंबी असं प्रतिपादन केलं, इतर अभ्यासक इफेड्रा या झुडपाकडे बोट दाखवतात. वाद मिटलेला नाही. पतंजलींनी तर सिद्धी मिळवण्याच्या पाच साधनांत औषधीची गणनाच केली आहे. तेव्हा परंपरेला हे ठाऊकच नव्हतं, असं म्हणणं खोटं ठरेल. मात्र तेच पतंजली सिद्धींना समाधीतली विघ्नं म्हणतात आणि अष्टांगयोगाची सुरुवात अहिंसा, सत्य, अस्तेय अशा यमांपासून करतात. बुद्धांनी उपासकांना दिलेल्या पंचशीलात नशेचा त्याग आहे. वारकरी परंपरेने संत ओळखायचा तो त्याला काय दिसलं यावरून नव्हे, तर पिडलेल्या माणसाशी तो कसा वागतो यावरून. या सगळ्यांच्या दृष्टीने ज्ञान ही काही तासांची अवस्था नाही. त्या अवस्थेतून बाहेर आल्यावर जो माणूस उरतो, त्यावर त्याची परीक्षा होते. माझ्या मते सीमारेषेचं खरं कारण हे आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. उपास, जागरण, प्राणायाम यांनीही मेंदूतलं रसायन बदलतं. मग गोळीच तेवढी अपवित्र का? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच पवित्र-अपवित्राची भाषा सोडलेली बरी. रसायन हा मुद्दाच नाही. २०१८मध्ये ग्रिफिथ्स यांनीच ७५ जणांवर केलेल्या अभ्यासात टिकाऊ बदल दोन गोष्टींशी जोडलेले आढळले: अनुभवाची तीव्रता आणि ध्यानासारखा नियमित सराव. म्हणजे गोळीचा वाटा नाकारता येत नाही, पण सरावाची जागाही तिला घेता येत नाही. शिवाय सरावाबरोबर गुरू, सोबती, दिनक्रम आणि चुकलं तर सावरणारं कुणीतरी येतं. गोळी पुडीतून मिळते. हे सगळं पुडीत मिळत नाही. गोव्यातल्या अंजुण्याच्या किनाऱ्यावर हिप्पींच्या काळापासून अध्यात्माची चिन्हं पोहोचली, पण चिन्हांमागची शिस्त बहुधा वाटेतच राहिली.

औषध म्हणून या द्रव्यांचं भवितव्य उपचारांच्या निकषांवर ठरेल, आणि तसंच ठरावं. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यात, सायलोसायबिन देण्याची परवानगी दिली आहे. भारतात १९८५च्या अमली पदार्थ कायद्याखाली एलएसडी आणि सायलोसायबिन दोन्हींवर बंदी आहे, अवघं ०.१ ग्रॅम एलएसडी ‘व्यावसायिक प्रमाण’ ठरतं आणि त्याला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. घरात मनोविकाराचा इतिहास असलेल्यांना तर कायद्यापेक्षाही स्वतःच्या मनाचा धोका मोठा. पण जी कसोटी गोळीला लावायची, तीच आपल्या मठांना, शिबिरांना आणि प्रकाश दिसल्याचा दावा करणाऱ्या बुवांनाही लावावी लागेल. डोळे मिटून जे दिसलं त्याचं वर्णन कितीही भव्य असो. त्या माणसाचा पैशाशी, सत्तेशी आणि दुबळ्या माणसाशी असलेला व्यवहार बदलला नसेल, तर तो अनुभव औषधाने आला की ध्यानाने, हा प्रश्न विचारण्याचीही गरज नाही.