सहा रुपये अठ्ठ्याहत्तर पैशांचं ताट

पहिली ते पाचवीतल्या मुलाच्या एका वेळच्या जेवणासाठी केंद्र आणि राज्य सरकार मिळून ६ रुपये ७८ पैसे देतात. सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे. १ मे २०२५ पासूनचे हे दर आहेत. तांदूळ यात धरलेला नाही. तो भारतीय अन्न महामंडळाकडून वेगळा येतो, लहान मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि मोठ्याला १५० ग्रॅम. या पैशांत लहान मुलासाठी २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, मीठ-मसाला आणि गॅस एवढं सगळं बसवायचं. तांदूळ धरून या जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, मोठ्या मुलांना ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं. हे झालं कागदावरचं ताट.

मुंबईतल्या कॉटन ग्रीन स्टेशनातून बाहेर पडून काळाचौकीच्या दिशेने चालू लागलं, की शाळेच्या आसपास वडापावची गाडी भेटतेच. एका वडापावची किंमत त्या सरकारी ताटाच्या दुपटीहून जास्त असते. शाळेतल्या मुलांनी चांगलं खावं यासाठी सरकार जे काही करतं ते सगळं या दोन जागी घडतं: फाटकाच्या आत ताटात काय वाढायचं, आणि फाटकाबाहेर काय विकू द्यायचं नाही.

हा भाग खरं तर पोटासाठी वसवलेलाच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पोर्ट ट्रस्टने माझगाव ते शिवडी समुद्र हटवून जमीन काढली. त्या भरावावर कुलाब्याहून कापसाचा बाजार आला, गोदामं आली, धान्याचा डेपो आला, १९१० साली हार्बरची रेल्वे आली. पश्चिमेला लालबाग-परळच्या गिरण्या, पूर्वेला बंदर, आणि मधल्या चाळींत गाठोडी वाहणारी, सूत कातणारी माणसं. त्यातले कितीतरी कोकणातून, घाटावरून एकटे आलेले. त्यांना जेवू घालायच्या त्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका. एका खोलीत वीस-पंचवीस जणांचं दोन वेळचं जेवण रांधायचं, आणि महिना संपल्यावर पैसे. वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांत त्या पिचून निघत. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेची दारं उघडून दिली. शालेय पोषण आहाराची गोष्ट सांगताना मला या खानावळवाल्या मुद्दाम आठवतात. कारण आज पालिका शाळेतल्या मुलांची खिचडी मुख्यतः त्यांच्यासारख्याच बायका रांधतात, बचत गटाच्या नावाने. त्यांचं गणितही तसंच आहे. आधी खर्च करायचा, बिल मागाहून.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने प्राथमिक शिक्षणासाठी पोषण आहाराचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात तो त्याच वर्षी नोव्हेंबरात आला, पण शिजवलेलं अन्न म्हणून नव्हे. महिन्यात ठरलेली हजेरी भरली की मुलाच्या हाती तीन किलो तांदळाची पिशवी यायची. तो तांदूळ घरी जायचा आणि सगळ्या घरात वाटला जायचा. यात कुणाची चूक नव्हती, भुकेल्या घरात दुसरं काय होणार? पण ज्या मुलासाठी तांदूळ दिला त्याच्या पोटात नक्की किती गेला, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

चित्र बदललं ते न्यायालयामुळे. २००१ च्या एप्रिलमध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. महामंडळाच्या गोदामांत धान्य मावत नाही, आणि राजस्थानसारख्या दुष्काळी राज्यांत माणसं उपाशी आहेत, हे कसं? २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आदेश दिला: प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत शिजवलेलं जेवण द्या, किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं असलेलं, वर्षातून किमान २०० दिवस. त्यानंतर महाराष्ट्रातल्या शाळांत खिचडी शिजू लागली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा कायदेशीर हक्क झालं. २०१५ च्या नियमांनी आणखी एक पाऊल टाकलं: एखाद्या दिवशी जेवण मिळालं नाही, तर त्या दिवसाचं धान्य आणि शिजवण्याचा खर्च मुलाला भत्ता म्हणून द्यायचा. ही तरतूद किती पालकांना माहीत असेल? २०२१ मध्ये योजनेचं नाव बदलून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण झालं आणि बालवाटिकेची, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गातली, मुलंही तिच्यात आली.

गावात शाळेच्या आवारातच चूल असते. मुंबईत जागा नाही, म्हणून इथे केंद्रीय स्वयंपाकगृहं आहेत. महिला संस्था किंवा बचत गट एका जागी रांधतात आणि टेम्पोतून डबे शाळाशाळांत पोचवतात. मोठ्या संस्थाही आहेत. इस्कॉनशी जोडलेल्या संस्थेने २००४ मध्ये मुंबईतच सुरू केलेलं काम आज ‘अन्नामृत’ म्हणून ओळखलं जातं. यंत्राने चालणारं मोठं स्वयंपाकघर स्वच्छतेला सोपं. पण शाळेत शिजलेल्या खिचडीचा वास मुलाला दहा वाजल्यापासून येतो, आणि ज्या बाईने ती शिजवली तिचं स्वतःचं मूल बहुधा त्याच पंगतीत असतं. तो धाक कुठल्याही तपासणीपेक्षा मोठा, असं मला वाटतं.

तपासणीचे नियम मात्र कडक आहेत, आणि ते का कडक झाले हे विसरता येत नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या गंडामन गावच्या शाळेत जेवणानंतर २३ मुलं दगावली. तेलात कीटकनाशक मिसळलं गेलं होतं. तेव्हापासून मुलांना वाढण्याआधी शिक्षकांसह मोठ्या माणसांनी ते अन्न चाखायचं आणि चव नोंदवहीत सही करायची, हे सक्तीचं आहे. शाळा व्यवस्थापन समितीतले पालकही चाखू शकतात. काळाचौकी, घोडपदेव, शिवडीतल्या किती आया हे करतात? कामावरून सुटका होत नाही हे खरं. पण ज्या शाळेत पालक महिन्यातून दोनदा जरी चमचा हातात घेतात, तिथे डाळीचं पाणी होत नाही.

तांदळाबद्दलही पालकांच्या मनात शंका असते. काही दाणे पाण्यावर तरंगतात, मग ‘प्लास्टिकचा तांदूळ’ अशी अफवा पसरते. तो पोषणयुक्त तांदूळ असतो. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि जीवनसत्त्व बी-१२ कालवून यंत्रातून दाण्याच्या आकारात काढतात, आणि शंभर दाण्यांत असा एक दाणा मिसळतात. तो वेगळा दिसतो, कधी तरंगतो, पण शिजल्यावर भातच होतो. हे कोणी वर्गात मुलांसमोर, पालकसभेत एका वाटीत पाणी घेऊन दाखवलं असतं, तर डब्यातला भात वेचून टाकायची वेळ आली नसती.

स्वयंपाक करणाऱ्या बायकांना मिळतं काय? केंद्राने स्वयंपाकी-मदतनीसांचं मानधन २००९ मध्ये महिन्याला १,००० रुपये ठरवलं, तेही वर्षातले दहा महिने. महाराष्ट्राने आपली भर घालून २०२३ मध्ये ते २,५०० वर नेलं. दिवसाला शंभर रुपयेही नाहीत. पंचवीस मुलांपर्यंत एक बाई, शंभरपर्यंत दोन, पुढच्या प्रत्येक शंभराला आणखी एक, असं प्रमाण आहे. तांदूळ निवडणं, भाजी चिरणं, रांधणं, वाढणं आणि भांडी घासणं हे सगळं त्यात आलं. सरकारच्या कागदांत या कामाच्या पैशांना ‘मानधन’ म्हणतात, म्हणजे पगाराचे कायदे लागू होत नाहीत. मुलांच्या पोषणाची योजना ज्या हातांवर चालते, त्या हातांच्या घरी काय शिजतं हे कोणी विचारत नाही. मला या सगळ्या व्यवस्थेतली ही सर्वांत मोठी लाज वाटते.

आता ताटात काय, ते पाहू. वर्षानुवर्षं खिचडी, पुलाव, आमटी-भात यांचीच आलटून पालटून पाळी असायची. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एक दिवस अंडं, आणि अंडं न खाणाऱ्यांना केळं किंवा स्थानिक फळ देण्याचं ठरवलं. एका अंड्यामागे ५ रुपये धरले. जून २०२४ मध्ये त्याहून पुढचा निर्णय आला: पंधरा पाककृती आणि ताटाचे तीन भाग. मटार पुलाव, चवळीची खिचडी, शेवग्याची शेंग घातलेलं मुगाचं वरण, मटकीची उसळ, अंडा पुलाव, सोबत मोड आलेली कडधान्यं, आणि गोड म्हणून तांदळाची खीर किंवा नाचणी सत्त्व. कागदावर वाचतानाच बरं वाटावं असा हा तक्ता. आपल्याच घरातलं अन्न, आणि पोषणशास्त्राला धरून. अडचण एवढीच, की मटार, शेवगा, गूळ-साखर यांचे भाव पाककृती ठरवणाऱ्यांच्या हातात नसतात. शिक्षकांच्या संघटनांनी तेच सांगितलं.

२८ जानेवारी २०२५ रोजी निर्णय फिरला. अंड्यासाठी आणि खीर-सत्त्वाच्या साखरेसाठी सरकार वेगळे पैसे देणार नाही, हवं तर शाळांनी लोकसहभागातून द्यावं. अंड्याला काही धार्मिक गटांचा विरोध होता, आणि तिजोरीचंही कारण होतं. मला हा निर्णय चुकीचा वाटतो, आणि तो मागे घेतला जावा असं मी मनापासून म्हणते. अंड्यातलं प्रथिन शरीर जवळपास पूर्ण वापरतं. त्यात बी-१२ मुळातच असतं, जे साध्या डाळभातात नसतं. आणि अंड्यात पाणी मिसळता येत नाही. वाटप करणारा कितीही लबाड असो, अर्धं अंडं एक म्हणून खपवता येत नाही. ज्याला नको त्याला केळं होतंच की! लोकसहभागाचं म्हणाल, तर काळाचौकीतल्या अभ्युदयनगरच्या शाळेला कोणी दाता मिळेलही. गडचिरोलीतल्या पाड्यावर कोण मिळणार? शेजारच्या कर्नाटकात मुलांना आठवड्याला सहा अंडी देण्याची सोय झाली आहे, तमिळनाडूत तर अंडं रोजचंच.

फाटकाबाहेरची गोष्ट याहून अवघड आहे. ८ मे २०१७ रोजी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने आधी शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, केक, बिस्किटं, शीतपेयं हद्दपार केली, आणि त्यांच्या जागी इडली, उपमा, खीर, ताक, शहाळं, जलजिरा अशी यादी दिली. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये नियम केले, ते १ जुलै २०२१ पासून लागू झाले. त्यांनुसार जादा चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरांच्या आत विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही.

पन्नास मीटर! लालबाग-काळाचौकीत तेवढ्यात तीन वाणी, दोन चहावाले आणि एक बेकरी सहज मावते. गाडीवाल्यावर दंडुका उगारणं सोपं आहे. पण त्या गाडीवाल्याचं पोरही बहुधा त्याच शाळेत शिकतं, आणि रंगीत पाकिटं विकणारा वाणी तर दुकान सोडून जाणार नाही. या नियमाची खरी कसोटी पाकिटाशी आहे, कारण पाच रुपयांचं पाकीट मुलाला परवडेल असंच बनवलेलं असतं. वडा निदान डोळ्यांदेखत तळलेला. त्याच गाड्यांवर उकडलेले शेंगदाणे, चणे, काकडी, केळी ठेवायला पालिकेने मदत केली तर पोटं दोन्हीकडची भरतील. सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं, कोणत्या पेयात किती साखर ते दाखवणारा फलक. तसा फलक मराठी शाळेतही पाहिजे, आणि चमच्यांच्या हिशोबात. ग्रॅम मुलांना दिसत नाहीत.

जगात आता पारडं उलटं झुकलं आहे. युनिसेफच्या सप्टेंबर २०२५ च्या अहवालानुसार ५ ते १९ वयात लठ्ठ मुलांचं प्रमाण ९.४ टक्के झालं आणि कमी वजनाच्या मुलांचं ९.२ टक्क्यांवर आलं. मेक्सिकोने त्याच वर्षी मार्चमध्ये शाळांतून जादा चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ बंद केले. मुंबईत दोन्ही मुलं एकाच बाकावर बसतात: एक चणचणीने खुरटलेलं, दुसरं पाकिटांनी फुगलेलं. रक्त मात्र दोघांचंही फिकं असू शकतं.

आणि नववी. पोषण आहार आठवीला संपतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी, मुलींची पाळी सुरू होऊन वर्ष-दोन वर्षं होत असताना, उंची झपाट्याने वाढत असताना, ताट बंद. उरते ती आठवड्याला एक निळी लोहाची गोळी आणि १० फेब्रुवारी-१० ऑगस्टची जंतांची गोळी. रिकाम्या पोटी लोहाची गोळी घेतली की मळमळतं, आणि मुली ती गुपचूप टाकून देतात. २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात भारतातल्या शालेय जेवणाचा एक अभ्यास आला. ज्या भागांत मुलींना शाळेत जेवण मिळालं होतं, तिथल्या मुली पुढे आई झाल्यावर त्यांच्या बाळांची उंची अधिक चांगली भरली. २००६ ते २०१६ या काळात देशातल्या मुलांच्या उंचीत जी सुधारणा झाली, तिचा १३ ते ३२ टक्के भाग या जेवणाशी जोडता येतो, असं त्या संशोधकांनी मांडलं. कर्नाटक आणि तमिळनाडू आपल्या पैशाने दहावीपर्यंत जेवण देतात. महाराष्ट्राने नववी-दहावीच्या पालिका आणि अनुदानित शाळांत हे सुरू करावं. स्वयंपाकघरं आहेत, टेम्पो आहेत, रांधणाऱ्या बायका आहेत. दोन वर्गांचे डबे वाढवायचे आहेत.