अल्प खर्चाची जाहिरात आणि भाषिक विनोद



श्लेष अलंकाराचा परिचय आपणांस काव्याच्या अभ्यासातून झालेला आहे. हाच श्लेष बाजारपेठेत कोणते कार्य करतो, हे या भागात पाहावयाचे आहे.

एखाद्या इस्त्रीच्या दुकानावर ‘विस्कटलेली घडी नीट बसवून मिळेल’ अशी पाटी आहे, अशी कल्पना करा. घडी कपड्याची असते, तशी संसाराचीही असते. दोन्ही अर्थ एकाच वेळी जागे होतात आणि वाचक हसतो. दुकानदाराचा खर्च केवळ पाटी रंगविण्याचा. उरलेले काम वाचकाचे भाषाज्ञान करते. अल्प खर्चाच्या विनोदी जाहिरातीचे मर्म हेच आहे. जाहिरातदार अर्धेच बोलतो, अर्धे वाचक पूर्ण करतो. आणि जे आपण स्वतः पूर्ण केले, ते सहसा विसरत नाही.

अमूल लोण्याची फलकमालिका हे याचे परिचित उदाहरण. १९६६ साली सिल्व्हेस्टर दा कुन्हा यांच्या जाहिरातसंस्थेने ती सुरू केली. चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी रेखाटलेली ठिपक्यांच्या फ्रॉकमधील मुलगी मुंबईच्या रस्त्यांवर झळकू लागली. पुढे चालू घडामोडींवरील शब्दखेळ ही या मालिकेची ओळख बनली. घटनेची माहिती वृत्तपत्रांनी आधीच दिलेली असल्याने फलकाला चार-सहा शब्द पुरतात. प्रारंभीच्या एका फलकावर घोडा होता व शब्द होता ‘थरोब्रेड’. जातिवंत घोड्याच्या या इंग्रजी नावातील शेवटच्या अवयवाच्या जागी पाव या अर्थाचा ‘ब्रेड’ योजला होता. इंग्रजीत दोहोंचा उच्चार एक, लेखन भिन्न. देवनागरीत मात्र दोन्ही सारखेच लिहिले जातात, त्यामुळे डोळ्यांना दिसणारी गंमत नाहीशी होते. भाषिक विनोद बहुधा अनुवादित होत नाही. तो त्या त्या भाषेत नव्याने घडवावा लागतो.

दोन व्यवसायांच्या सहकार्यातही भाषा असेच कार्य करते. ऑगस्ट २०१५ मध्ये ‘बर्गर किंग’ने आपल्या प्रतिस्पर्ध्याला, म्हणजे ‘मॅकडोनल्ड्स’ला, अमेरिकी वृत्तपत्रांतून जाहीर पत्र लिहिले: २१ सप्टेंबर या आंतरराष्ट्रीय शांतता दिनी ‘बर्गर-युद्ध’ थांबवू आणि एकत्र येऊन ‘मॅकव्हॉपर’ हा एकच बर्गर विकू. दोन्ही कंपन्यांच्या पदार्थनामांचे तुकडे सांधून हा शब्द घडविला होता. ‘स्पर्धा म्हणजे युद्ध’ हे रूपक आपण नकळत वापरतो. येथे ते शब्दशः घेतल्याने विनोद निर्माण झाला. मॅकडोनल्ड्सने प्रस्ताव नाकारला. आपल्यातील व्यावसायिक स्पर्धेची खऱ्या युद्धातील यातनांशी तुलना होऊ शकत नाही, असे त्यांनी उत्तरात सुचविले. तरीही अनेकांनी दोन्हीकडचे बर्गर आणून स्वतःच ‘मॅकव्हॉपर’ तयार केले. सहकार्य झाले नाही; शब्द मात्र लोकांच्या तोंडी राहिला.

या नकारातून विनोदाची मर्यादाही ध्यानात येते. जाहिरात अर्धा अर्थ वाचकावर सोपविते, म्हणून तो कोणता अर्थ लावील यावर तिचा पूर्ण ताबा नसतो. कोणाच्या दुःखावर, जातीवर वा व्यंगावर बेतलेली कोटी दुकानापासून माणसे तोडते. भांडवल अल्प असणाऱ्यास भाषा हे मोठे भांडवल आहे. परंतु ते समाजाच्या सामाईक मालकीचे आहे, याचे भान हवे.

स्वयं-अध्ययन: आपल्या परिसरातील एखाद्या लहान व्यवसायासाठी श्लेषयुक्त पाटी तयार करा. तिच्यातील दोन्ही अर्थ स्पष्ट करा आणि ती वाचून कोणी दुखावेल का, याचा विचार चार ओळींत लिहा.