फलक एक, विद्यार्थिनी अनेक

मार्च १९९० मध्ये भिवंडीपासून फार दूर नसलेल्या उल्हासनगरात दहावीच्या परीक्षा केंद्रात शिरून एका तरुणाने एका विद्यार्थिनीला जाळून मारले. ‘एकतर्फी प्रेम’ हा शब्दप्रयोग तेव्हा सर्वतोमुखी झाला. परंतु प्रेमाच्या नावाने होणारी जबरदस्ती, पाळत आणि धमकी वेळीच कशी ओळखावी, हे शिकविण्याचे काम मात्र मागेच राहिले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक आहे. प्रदेश, वर्ग, जात, अल्पसंख्याकत्व यांमुळे काहींना तक्रार करणे अधिक कठीण जाते, हेही त्या विनियमांनी मान्य केले आहे. भिवंडीइतके या वाक्याचे मर्म अन्यत्र क्वचितच पटेल. यंत्रमागाच्या या शहरात उत्तर प्रदेशातून आलेले अन्सारी, तेलंगणातून आलेले पद्मशाली, मूळचे आगरी व कोकणी मुसलमान आणि तालुक्यातील वारली-कातकरी अशा नाना घरांतील मुले शिकतात. त्यांना एकच फलक व एकच व्याख्यान पुरेल, असे मानणे सोयीचे असले तरी शहाणपणाचे नाही.

साखरपुडा झालेल्या मुलीला भावी पतीने मोबाईल तपासणे ही हिंसा वाटतच नाही. तिच्याशी तिच्याच भाषेत बोलले पाहिजे. पाड्यावरून एसटीने येणारीला शेवटची गाडी गाठायची असते. तिच्यासाठी सभा दुपारीच हवी. रात्रपाळीत माग चालवून वर्गात बसणाऱ्या मुलाला ‘नकार म्हणजे अपमान नव्हे’ हे सांगायला त्याच्याच वस्तीतला, त्याला मान असलेला माणूस हवा.

ही रीत भिवंडीला नवी नाही. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या या शहरात १९८८ नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. वस्तीवस्तीतील ओळखीच्या माणसांवर विसंबणाऱ्या त्या प्रयोगामुळे १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असतानाही भिवंडी शांत राहिली.

मात्र येथे एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. मोहल्ल्याकडून पद्धत घ्यावी; मुलीचे गुपित मोहल्ल्याच्या स्वाधीन करू नये. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर तक्रारीची किंमत बव्हंशी तक्रारदार मुलीच मोजते. घरी कळले की शिक्षण बंद. मुलगा अन्य धर्माचा असल्यास तिच्या दुःखाचा जमातींचा तंटा होण्याची भीती. ही किंमत कमी केल्याविना समितीची दारे उघडी असूनही ओस राहतील. म्हणून गुप्तता हा शिष्टाचार नव्हे, तर या व्यवस्थेचे भांडवल आहे. तक्रारीची मुदत साधारणतः तीन महिन्यांची आहे आणि पोलिसांकडे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थिनीस साहाय्य करणे हे संस्थेचे कर्तव्य आहे, ही माहिती उर्दू, मराठी, हिंदी व तेलुगू अशा चारही भाषांत पोहोचली पाहिजे.

‘त्यांच्या समाजात असे चालतेच’ हे वाक्य तर कोणत्याही समितीच्या तोंडी येता कामा नये. भाषा, वेळ आणि सांगणारा माणूस समाजागणिक बदलावा. अन्यायाचे माप बदलू नये. मारहाण उर्दूत वेगळी आणि मराठीत वेगळी नसते.