भीतीची दिशा: भेडाघाटच्या आकाशातली ग्रहणे

नर्मदेकाठच्या ग्रहणांचा मागोवा घ्यायचा तर २२ जुलै २००९ ही तारीख मध्यभागी ठेवावी लागते. त्या सकाळी साडेसहाच्या थोडे आधी चंद्राची गडद सावली सुरतेकडून भारतात शिरली आणि इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा अशी पूर्वेकडे धावली. जबलपूर सावलीच्या या पट्ट्यात होते, म्हणजे त्याच्या शेजारचा भेडाघाटही होता. एकाच ठिकाणी पुन्हा खग्रास सूर्यग्रहण यायला सरासरी पावणेचारशे वर्षे लागतात, हे ध्यानात घेतले की त्या काही क्षणांचे मोल कळते. भर पावसाळ्यामुळे मध्य भारताच्या बऱ्याच भागावर ढग होते, ही निसर्गाची अडचण. पण आकाश मोकळे असते तरी किती लोकांनी वर पाहिले असते? गेल्या दीडशे वर्षांतल्या ग्रहणांकडे पाहिले तर मला एक गोष्ट ठळक दिसते. आपण ग्रहणाला भ्यालो, पण जे निरुपद्रवी होते त्याला जास्त आणि जे खरोखर डोळे घालवते त्याला कमी. भीती कमी करण्याइतकेच तिची दिशा बदलण्याचे काम होते, आणि ते अजून अर्धेच झाले आहे.

हे अज्ञानामुळे झाले असे म्हणणे सोपे आहे, पण पुरावा तसे सांगत नाही. ग्रहण केव्हा लागेल हे इथे शतकानुशतके ठाऊक होते. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ लिहिले आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या पंचांगे बनली. मध्ययुगीन ताम्रपटांत ग्रहणकाळी दिलेल्या दानांचे उल्लेख वारंवार येतात. त्या ग्रहणांचे गणित करूनच पुढे इतिहासकारांनी अनेक ताम्रपटांचे काळ पडताळले. १८९६ साली शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह भारतीय कालगणनेवर जो इंग्रजी ग्रंथ काढला, त्यात भारतात दिसलेल्या सूर्यग्रहणांसाठी वेगळे परिशिष्ट जोडलेले आहे. दोनच वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ ला, खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गापासून जेऊर, पुलगाव, शहडोल असा बक्सरपर्यंत गेला. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर यांची तुकडी होती. करमाळ्याजवळच्या जेऊरला पुण्याचे कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते. जबलपूर या पट्ट्याच्या उत्तरेला राहिले आणि तिथे खंडग्रास ग्रहणावर भागले. (हेलियमचा शोध १८६८ साली विजयदुर्गावर लागला असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगतात. पण ज्यांच्या नावावर तो शोध सांगतात ते लॉकियर त्या साली इंग्लंडातच होते. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ १८९८ च्या तुकडीचे आहेत, आणि तेवढे महत्त्व त्यांना पुरेसे आहे.) गणित आपल्याकडे होते, उपकरणे परक्यांबरोबर आली होती. सामान्य माणसाच्या हाती मात्र स्वतः पाहण्याचे सुरक्षित साधन यायला आणखी जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली.

१६ फेब्रुवारी १९८० चे ग्रहण या दृष्टीने शिकवणारे आहे. पट्टा कारवारकडून हैदराबादच्या बाजूने कोणार्कपर्यंत गेला, पण शुकशुकाट देशभर पसरला. दुपारी मोठमोठ्या शहरांचे रस्ते ओस पडले. लोकांनी घरातच राहावे म्हणून दूरदर्शनने हिंदी चित्रपट दाखवला. त्या दिवशी सुतक पाळणारे आजोबा आणि डोळे जातील म्हणून पोरांना कोंडणारे शिकलेले वडील एकाच घरात, एकाच बंद दाराआड बसले होते. कारणे वेगळी, वागणे तेच. २४ ऑक्टोबर १९९५ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या सकाळी, चित्र पालटले. नीम का थाना आणि डायमंड हार्बरहून थेट प्रक्षेपण झाले, विज्ञान संस्थांनी आणि हौशी खगोलमंडळांनी गाळणीचे चष्मे वाटले, आणि लोक गच्चीवर आले. पंधरा वर्षांत लोकांची श्रद्धा काही बदलली नव्हती. बदलले होते ते हातातले साधन. म्हणूनच ‘पाहू नका’ या सूचनेपेक्षा ‘असे पाहा’ ही सूचना डोळे अधिक वाचवते, असे माझे ठाम मत आहे. बंदी घातली की चोरून पाहणे वाढते, आणि चोरून पाहणारा काजळी धरलेली काच किंवा जुनी एक्स-रे फिल्म घेऊन पाहतो.

धोका नेमका कशात आहे? ग्रहणात सूर्यातून कोणतेही वेगळे किरण निघत नाहीत. सूर्याचे नव्वद टक्के बिंब झाकले गेले तरी उरलेल्या कोरीचा प्रत्येक बिंदू नेहमीइतकाच प्रखर असतो. एकूण उजेड घटल्यामुळे बाहुली मात्र मोठी होते आणि डोळा आपणहून मिटत नाही. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, म्हणून इजा होताना काही जाणवत नाही आणि दिसण्यातला डाग काही तासांनी ध्यानात येतो. भेडाघाटला या धोक्यात दोन स्थानिक गोष्टींची भर पडते. पहिली म्हणजे पाणी. ग्रहणस्नानाला घाटावर उतरलेला माणूस वर पाहत नाही, पण समोरच्या नर्मदेत सूर्य पाहतो, आणि परातीतल्या पाण्यात ग्रहण पाहण्याची घरगुती रीत त्याला धीर देते. आता आकडे पाहावेत. मान्यताप्राप्त सौर चष्मा सूर्याचा फार तर तीस हजारांत एक भाग प्रकाश आत सोडतो. माथ्यावरच्या सूर्याचा पन्नासावा भाग पाणी परत फेकते, म्हणजे चष्म्याच्या कमाल मर्यादेच्या सहाशे पट. सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर असेल तर संथ पाण्यातून जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश परततो. २००९ च्या सकाळी सूर्य साधारण तेवढ्याच उंचीवर होता. २५ ऑक्टोबर २०२२ ला तर तो ग्रासलेलाच मावळला. दुसरी गोष्ट हीच, की असा कललेला सूर्य सौम्य वाटतो आणि माणूस बेसावध होतो. त्या मानाने २१ जून २०२० चे ग्रहण माथ्यावर होते. तेव्हा लोकांना निदान तेजाचा धाक तरी होता.

चंद्रग्रहणाचा हिशेब अगदी उलटा आहे. पूर्ण चंद्र सूर्यापेक्षा सुमारे चार लाख पटींनी मंद असतो आणि ग्रहणात तो आणखी विझतो. उघड्या डोळ्यांनी, दुर्बिणीतून, रात्रभर पाहिला तरी डोळ्याला काही होत नाही. पृथ्वीच्या वातावरणातून वळून गेलेला तांबूस प्रकाश तेवढा त्याच्यावर पडलेला असतो. भेडाघाटला लोक मुळात चांदण्यासाठीच येतात. संगमरवरी कड्यांमधून नावेत बसून फिरण्याची कीर्ती पौर्णिमेची आहे, आणि शरद पौर्णिमेला तर इथे नर्मदा महोत्सव भरतो. चंद्रग्रहणही पौर्णिमेलाच होते. तरी ज्या चंद्रासाठी एरवी गर्दी लोटते, त्याच्याकडेच ग्रहणाच्या रात्री पाठ फिरवली जाते. २८ ऑक्टोबर २०२३ ला कोजागरी आणि खंडग्रास ग्रहण एकत्र आले. ग्रहण उत्तररात्री एकनंतर लागले आणि जेमतेम सव्वा तास चालले, पण वेध दुपारपासूनच धरले गेले आणि दूध आटवावे की नाही याची चर्चा घरोघर झाली. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास ग्रहणात चंद्र ८२ मिनिटे पूर्ण सावलीत होता. अशा रात्री नदीकाठी जपायचे ते पायाला. कड्यांवरचा उजेड एकदम ओसरतो, दगड निसरडे असतात आणि खाली पाण्याला ओढ असते. बॅटरी जवळ ठेवावी, काठापासून मागे बसावे आणि खुशाल पाहावे.

श्रद्धेच्या बाजूने एक गंभीर आक्षेप येतो. स्नान, जप, दान यांनी कुणाचे काय बिघडते? काहीच नाही, आणि ते सोडा असे म्हणण्याचे मला कारण दिसत नाही. उलट परंपरा पाहण्याच्या विरोधात नाही, हे तिच्याच नियमांतून दिसते. स्पर्श, मध्य, मोक्ष या वेळा पाळायच्या तर ग्रहण दिसायला हवे. जे ग्रहण आपल्या गावी दिसणार नाही त्याचे वेधादी नियम पाळू नयेत, असे आपली पंचांगेच छापतात. चष्मा लावून मोक्ष पाहणारा स्नानार्थी नियम मोडत नाही. पण गर्भवतीला तासन्‌तास अन्नपाण्यावाचून एका जागी बसवणे मला निरुपद्रवी वाटत नाही. भाजी चिरल्याने बाळाचे ओठ फाटल्याचा काही पुरावा नाही, पाणी न मिळाल्याने आईला होणारा त्रास मात्र खरा आहे. दुसरा आक्षेप डॉक्टरी सावधगिरीचा: चष्मे बनावट निघतात, मुले ऐकत नाहीत, मग घरातच बरे नाही का? शंका रास्त आहे. म्हणूनच मी चष्म्याआधी सुईच्या छिद्राचा पुठ्ठा सुचवीन. सूर्याकडे पाठ करून एक मीटरवरच्या कागदावर प्रतिमा पाडली तर ती नऊ मिलिमीटरची येते, ग्रासाची कोर स्पष्ट दिसते आणि डोळा सूर्याकडे वळतच नाही. झाडाच्या पानांमधून जमिनीवर पडणारे कवडसेही त्या वेळी कोरीच्याच आकाराचे होतात. सूर्याकडे पाहायचेच असेल तर प्रमाणित सौर चष्मा किंवा १४ नंबरची वेल्डिंगची काच वापरावी. दुर्बिणीला गाळणी पुढच्या भिंगावर लावावी, डोळ्याच्या बाजूला कधीच नाही. उघड्या डोळ्यांना मुभा फक्त खग्रासाच्या पूर्ण अंधारात, तीही पट्ट्यात असलेल्यांनाच.

भेडाघाटला उभे कुठे राहावे, हेही यावरूनच ठरते. दरीत कडे सुमारे तीस मीटर उंच आहेत. कललेला सूर्य नावेतून बहुतेक ठिकाणी दिसतच नाही, आणि दिसला तर आधी पाण्यात दिसतो. त्यापेक्षा चौसष्ट योगिनींची टेकडी बरी. कलचुरी काळातल्या त्या मंदिराचे वर्तुळाकार अंगण वरून उघडे आहे, पाणी दूर आहे आणि सपाट फरशीवर पुठ्ठ्यातून पडलेली प्रतिमा वीस जणांना एकदम पाहता येते. भारतातून खग्रास दिसणारे पुढचे सूर्यग्रहण २० मार्च २०३४ चे आहे आणि त्याचा पट्टा कारगिलच्या बाजूने जाईल. जबलपूरकरांच्या वाट्याला त्या दिवशी खंडग्रासच येणार, म्हणजे एकही क्षण उघड्या डोळ्यांचा नसेल. शाळांनी पुठ्ठे आणि चष्मे जमवायला त्याच्या आधीची वर्षे पुरेशी आहेत.